भावोजींच्या मोहिमेचा शिधा आणि सासूबाईंचा दहावा

आमच्या सासूबाई जिवंत असताना मी त्यांचा दहावा घातला. चुकून घातला, पण घातला. तीस-पस्तीस माणसं जेवून गेली.

याचं मूळ कारण भावोजी. म्हणजे माझे धाकटे दीर, रमेश. मुंबईला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला होते. आमच्या गावात तेव्हा वीज नुकती आली होती, टीव्ही अजून यायचा होता. अशा काळात या माणसाला मुंबईसारखी मुंबई मिळाली, तर हे रविवारी पाठीला पिशवी बांधून गड चढायला जायचे! (आमची विहीर जरा चढावर आहे. तिथून एक कळशी आणायला सांगितली की मात्र यांची कंबर धरायची.)

त्या वर्षी उन्हाळ्यात भावोजी रजा घेऊन मंडणगडच्या गाडीने उतरले ते डोळे चमकवतच. त्यांच्या मंडळाची चौदा माणसं हिमालयातल्या कुठल्याशा शिखरावर निघाली होती. पंधरावी जागा जेवणप्रमुखाची, आणि तिच्यासाठी दोन उमेदवार. एक भावोजी. दुसरा कुणा बोटीवरच्या माणसाचा मेहुणा, जो परदेशी सुक्या जेवणाची पाकिटं मिळवून देणार होता. पाकिटांपुढे भावोजी काय करणार? त्यांनी लीडरसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "पाकिटं कशाला? माझी वहिनी याच्यापेक्षा हलकं जेवण करते!"

माझ्या जेवणाला आजवर बरीच नावं ठेवली गेली होती. हलकं कुणी म्हटलं नव्हतं.

"वहिनी, माझी जागा तुमच्या हातात आहे," भावोजी म्हणाले. "लीडर स्वतः इथे येणार आहेत चव बघायला. पसंत पडलं तर मी हिमालयात. नाही तर तो मेहुणा."

मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही. खरं तर होही म्हणता येत नाही. मी मान हलवते आणि समोरच्याने त्यातून हवं ते घ्यायचं. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण हजेरीच्या वेळी "हजर" म्हणायला तोंड उघडायचं नाही. त्यामुळे बाईंच्या वहीत मी कितीतरी दिवस गैरहजर होते. पहिल्या रांगेत बसून!

नमुना म्हणून भावोजींनी एक पाकीट आणलं होतं. चंदेरी, चकचकीत. आमचे हे तेव्हा गावचं टपाल सांभाळायचे. ओटीवर एक टेबल, एक शिक्का, आणि पत्रं तोलायचा छोटा काटा, एवढं आमचं टपाल. यांनी पाकीट काट्यावर ठेवलं आणि चष्मा वर केला.

"दोन माणसांचं जेवण? एवढं तर लग्नाच्या पत्रिकेचं वजन भरतं!"

पाकीट फोडलं. आतून भुसा निघाला. पांढरे दाणे, पिवळे तुकडे, आणि थर्माकोलसारखे काही चौकोन.

"ह्यात कोंबडी कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"हे चौकोन म्हणजेच कोंबडी, आई. शिजवलेलं जेवण आधी गोठवतात, मग यंत्राने त्यातलं पाणी उडवून लावतात. गरम पाणी ओतलं की पुन्हा होती तशी."

"होती तशी? म्हंजे ओरडेल?"

सासूबाईंचा स्वभाव असा. विचार करून त्या म्हणाल्या, "पाणीच उडवायचं ना? त्याला यंत्र कशाला? आपल्याकडं वैशाखाचं ऊन हाय." आणि भाचीच्या लग्नाला केळशीला निघताना सांगून गेल्या, "मी पंधरवड्यात येतंय. येताना सुकी मासळी, सोडे आणि सुकट आणतंय. तोवर तू भात वाळव गो."

झालं. मी भात वाळवायला घेतला.

भावोजी रोज एक नवी अट काढायचे. मोहिमेवर निघालेल्या माणसाला वजनाचं वेड लागतं. त्यांनी दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली होती. पहिली अट, भात अगदी कोरडा ठणठणीत हवा. तो मी मूगडाळ, मसाला आणि कोकम घालून शिजवला. दुसरी अट, बर्फात मोजामोज करायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येक माणसाचा वाटा वेगळा हवा. मग मी भाताचे सारखे गोळे वळले. पंधरा माणसं, पंधरा गोळे. तिसरी अट, थंडी फार, अंगात ऊब राहील असं काहीतरी घाला.

ऊब म्हटल्यावर मला तीळ आठवले. पांढरे संपले होते. काळे घातले.

आता हे वाचणाऱ्याला कळलं असेल. मला कळलं नाही! चार दिवस मी घरापुढच्या खळ्यात पत्रावळी मांडून त्यांच्यावर काळे तीळ घातलेले भाताचे गोळे उन्हात ठेवत होते आणि मला त्यात शिध्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. यांनाही दिसलं नाही. हे रोज संध्याकाळी एक गोळा टपालाच्या काट्यावर ठेवून वजन घटलं की खूश व्हायचे. एकदा तर सवयीने त्याच्यावर शिक्काच मारला. (तो गोळा मी यांनाच खायला लावला आणि दुसरा वळला.)

त्यातच भावोजींनी चौथ्या दिवशी सकाळी न्हाव्याकडे जाऊन डोक्याचा चकोट केला. जाताना मला म्हणाले, "वीस दिवस आंघोळ नाही वहिनी, केस कशाला बाळगायचे?" मला तेही पटलं. वजनही तेवढंच कमी!

त्याच दिवशी दुपारच्या गाडीने लीडरसाहेब यायचे होते. हे टपालाची पिशवी घेऊन मंडणगडला गेले होते. भावोजी चकोट करून परस्पर पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले. खळ्यात मी एकटी, हातात काठी, समोर तीन पत्रावळींवर पाच-पाच गोळे, आणि आंब्यावर कावळे.

तेवढ्यात शेजारच्या सखूकाकूंनी दगडी कुंपणाच्या गडग्यावरून डोकावलं. त्यांची नजर गोळ्यांवर गेली. मग तिळांवर. मग माझ्या काठीवर. सकाळी त्यांनी भावोजींचं डोकं पाहिलंच होतं, आणि सासूबाई दहाएक दिवसांत गावात दिसल्या नव्हत्या.

"अगो बाय माझे!" एवढं बोलून त्या पळाल्या.

मला वाटलं, चुलीवर दूध ठेवून आल्या असतील.

थोड्या वेळाने वाडीतल्या चार बायका आल्या आणि काही न बोलता खळ्याच्या कडेला बसल्या. मी मान हलवली. त्यांनी मान हलवली. मग आठ आल्या. मग पुरुष आले, टोप्या काढून उभे राहिले. मला बरं वाटलं. भावोजींच्या मोहिमेचं गावाला एवढं कौतुक असेल असं वाटलं नव्हतं!

आणि दोनेक तासांनी गडग्याच्या पलीकडून आरोळी आली, "आये गोऽऽ!"

माझी नणंद, शेवंतावन्सं. त्यांचं सासर डोंगराच्या पलीकडे. सखूकाकूंनी तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती निरोप धाडला होता. वन्सं सासरची आठ माणसं घेऊन, ऊर बडवत खळ्यात शिरल्या आणि तीन पत्रावळी बघून मटकन खाली बसल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी गोळ्यांकडे पाहिलं. आईशप्पथ, ते पिंड होते! दहाव्याला मांडतात तसे, तीळबीळ लावून, कावळ्याच्या वाटेवर!

"दहा दिवस!" वन्सं माझ्यावर कडाडल्या. "दहा दिवस झाले आणि पोटच्या पोरीला दोन ओळींचं पत्र नाय? घरात टपाल असून!"

"केळशीला परस्पर उरकलंनी," सखूकाकू म्हणाल्या. "तेराव्याला गाव जेवायला घालाय लागतं ना, म्हणून."

मी तोंड उघडलं. आता फक्त म्हणायचं होतं, "अहो, आई लग्नाला गेल्यात." सोपं वाक्य. पण तोंड उघडताच तीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. साठ डोळे! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हुं हुं करत मान हलवायला लागले.

"रडू दे गो तिला," एक म्हातारी म्हणाली. "सासूनं बोलून बोलून पिट्टा पाडला हिचा, तरी माया बघा."

आता कावळ्याची वाट बघणं सुरू झालं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणी हलायचं नाही. सगळे आंब्याकडे बघत बसले. अखेर एक कावळा खाली उतरला, तुरुतुरु चालत पत्रावळीजवळ आला. चार दिवसांची सवय! माझ्या हातातली काठी आपोआप उठली.

"हाऽऽड्!"

कावळा उडाला.

"अगो अवदसे!" सखूकाकूंनी काठी हिसकावून घेतली. "मेल्यावर तरी सासूला जेवू दे!"

त्यानंतर एकही कावळा खाली येईना. म्हणजे म्हातारीची काहीतरी इच्छा राहिली आहे. ती पुरी करतो असा शब्द दिल्याशिवाय कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. माझ्या सासूबाईंच्या इच्छा कमी नव्हत्या. एकेक जण पुढे येऊन गोळ्यांसमोर हात जोडायला लागला.

पहिल्या सखूकाकू. "बाय, तुझी विळी माझ्याकडंच हाय गो. मी नाय म्हणून शपथ घेतली, ती खोटी. उद्या आणून देतंय."

कावळा येईना.

मग खालच्या घरचे तात्या, आमचे भाऊबंद. खाकरून म्हणाले, "वयनी, परड्यातला गडगा गेल्या पावसात पडला नव्हता. मीच दोन हात तुमच्याकडं सरकवलाय. परत घेतंव."

कावळा मान वाकडी करून ऐकत होता, पण येईना.

मग वन्सं उठल्या. डोळे गच्च मिटले, हात जोडले. "आये, तुझ्या सोन्याच्या पाटल्यांवरून मी तुझ्याशी दोन वर्षं अबोला धरला. मला नको त्या पाटल्या. वयनीला दे."

"आणि चांदीचा करंडा?" मागून आवाज आला.

"तो पण नको, आये!" वन्सं हुंदका देऊन म्हणाल्या.

"आणि ते जरीचं लुगडं?"

"ते पण नको! आये, तू फक्त..." इथे वन्संच्या लक्षात आलं की आपल्याला उत्तरं मिळतायत. त्यांनी डोळे उघडले, मागे वळल्या आणि जी किंकाळी फोडली, तिने आंब्यावरचे सगळे कावळे उडून गेले.

खळ्याच्या तोंडाशी सासूबाई उभ्या होत्या. डोक्यावर सुकटीचं गाठोडं, हातात पिशवी, आणि मागून तो वास.

दोन बायका गडग्यावरून पलीकडे गेल्या. सखूकाकूंनी डोळे मिटून नारायणाचा धावा सुरू केला. सासूबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि गंभीरपणे विचारलं, "कोण गेलं?"

शेवटी तात्या पुढे झाले. पुरुषमाणूस, कुणीतरी सांगायला हवं.

"तू."

"मी? कधी?"

"दहा दिस झाले."

सासूबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. "आणि मला आता सांगताय?"

सासूबाईंच्याच गाडीने आलेले लीडरसाहेब आणि त्यांना आणायला गेलेले भावोजी मागोमाग खळ्यात शिरले. साहेब दाढीवाले, पायात दगडासारखे बूट, पाठीवर माणसाएवढी पिशवी. भावोजींचं डोकं बघून वन्संनी पुन्हा गळा काढला, "अरे रमेश, आये जिवंत असताना मुंडण रे कशाला केलंस?"

पुढचा अर्धा तास भावोजी समजावून सांगत होते. हिमालय, वजन, गोळे, ऊब. कुणाला पटलं, कुणाला नाही. तात्या हळूच विचारत होते की गडग्याचं बोलणं आता धरायचं की नाही. ("धरायचं," सासूबाई म्हणाल्या.) माणसं ओशाळून उठायला लागली, तशा सासूबाई गरजल्या, "बसा खाली! माझ्या दहाव्याला आलाव ना? मग उपाशी जायचं नाय."

आणि माझ्याकडे वळून, "वाढ गो."

काय वाढू? घरात सकाळची पेज होती, तीही चौघांची. लीडरसाहेब मात्र टाळी वाजवून म्हणाले, "उत्तम! परीक्षा इथेच घेऊ." त्यांनी पिशवीतून परदेशी पाकिटं काढली, मनगटावरचं घड्याळ काढून जात्यावर ठेवलं. एका टोपात पाकिटं रिकामी केली, एका टोपात माझे पंधरा गोळे. दोन्हींवर उकळतं पाणी, आणि वर झाकण. तोवर मी सोडे घालून कुळथाचं पिठलं चुलीवर टाकलं. दहा मिनिटं सगळा गाव घड्याळाकडे बघत बसला. मघाशी कावळ्याकडे बघत होता, तसाच.

झाकण काढलं. पण माझ्या टोपाला कुणी हात लावेना. पिंडाचा भात कोण खाणार?

सासूबाई पुढे आल्या, एक गोळा पानावर घेतला आणि मांडी घालून बसल्या. "माझा पिंड मीच खातंय. बघू दे कसा लागतो." घास घेतला. चावला. सगळे वाकून बघत होते. "मीठ जरा कमी हाय," त्या म्हणाल्या, "पण मेलेल्या माणसाला चालंल."

मग पंगत बसली. माणशी अर्धा गोळा, वर पिठलं. परदेशी टोपातलं सगळ्यांनी चमचा चमचा चाखलं. सखूकाकू म्हणाल्या, "पावसात भिजलेला पुठ्ठा." तात्यांनी थर्माकोलचा चौकोन बराच वेळ चावला आणि हळूच कोंबडीला टाकला. कोंबडीने हुंगून सोडून दिला. बरोबरच आहे, नात्यातला होता.

लीडरसाहेब बोटं चाटत होते. "वजन कमी, चव फर्स्ट क्लास. पण एक अडचण आहे." भावोजींचा चेहरा पडला. "पंधरा माणसं घेऊन मी मरणाच्या डोंगरावर निघालोय. आणि बरोबर पंधरा पिंड घेऊन जाऊ?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या मेहुण्याचा विजय त्यांना समोर दिसत होता.

"मग फोडा की!" सासूबाई ओरडल्या. "वरवंट्यानं कुटा, भुगा करा. भुग्याला कोण पिंड म्हणतंय?"

साहेबांनी जात्यावर हात आपटला. "पसंत! भुगाच न्यायचा. पाकिटं रद्द!" त्यांनी वही काढली. "आता जेवणप्रमुखाचं नाव. जेवण ज्यानं केलं, जागा त्याची. हा आमचा नियम." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, याल ना?"

पुन्हा साठ डोळे! मी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

साहेबांनी लिहिलं.

भावोजींनी आपल्या चकोट केलेल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. बिचारा माणूस! ब्रश अर्धा केला, केस दिले, आणि जागा गेली वहिनीला, जिने उभ्या जन्मात केळशीच्या पुढे काही पाहिलं नाही!

साहेब चारच्या गाडीला निघाले, भावोजी खाली मान घालून त्यांना पोचवायला गेले. मी भांडी घासत बसले. सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"काय गो, वीस दिवस चौदा पुरुषांबरोबर बर्फात जाणार तू? आंघोळ न करता?"

मी हातातला टोप टाकला आणि पळाले. खळ्यातून, पाणंदीतून, राखेच्या हातांनी थेट फाट्यापर्यंत. सासूबाई मागून, "अगो हळू!" करत. गाडी सुटली होती. मी धुळीत मधोमध उभी राहिले आणि पोटातून ओरडले, "ओ साऽऽहेब! मला नको! भावोजींना न्या! जेवण मी हितनं करून देतंय!"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी थांबली. खिडक्यांतून सगळी डोकी बाहेर आली, त्यांतलं एक दाढीवालं. साहेबांनी वही काढली, माझं नाव खोडलं, भावोजींचं लिहिलं, आणि ते मला दिसावं म्हणून वही खिडकीबाहेर धरली. भावोजींनी तिथेच रस्त्यावर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. गुळगुळीत लागलं.

गाडी गेली. सासूबाई धापा टाकत पोचल्या, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे तुला तोंड हाय!" त्या म्हणाल्या. "आणि एवढं मोठं हाय! मग मघाशी त्या माणसांना का नाय सांगितलंस, मी जिवंत हाय म्हणून?"

खरं सांगू? सांगणारच होते. पण सगळी इतकी मनापासून रडत होती, मध्येच बोलणं मला बरं दिसेना.